राउटरचं सोवळं

राउटरच्या पाठीला यूएसबीचं भोक दिसलं की त्यात पेनड्राइव्ह खुपसून फाइली घरभर वायफायवरून बघायची बुद्धी होते आणि साडेसाती सुरू होते. ६४ जीबीचा पेनड्राइव्ह दुकानातून येतो तो बहुधा एक्सफॅट या फॉरमॅटमध्ये (म्हणजे फाइली मांडायच्या पद्धतीत), आणि बऱ्याच जुन्या राउटरांना एक्सफॅटचा विटाळ होतो. बरं, तसं तोंडानं सांगायचं, तर तेही नाही. दिवा लागतो, फोल्डर काही दिसत नाही.

मग फॅट३२ हा जुना फॉरमॅट करायला जावं, तर विंडोजच्या राइट-क्लिकवाल्या फॉरमॅटमध्ये ३२ जीबीच्या वर तो पर्यायच गायब. रुफस नावाचं सॉफ्टवेअर ते करून देतं. पण फॅट३२ मध्ये एकेक फाइल ४ जीबीच्या आतच हवी. लग्नाचा ४.३ जीबीचा व्हिडिओ टाकायला गेलात, की पन्नास जीबी रिकामे असूनही ‘फाइल फार मोठी’ असा शेरा मिळतो. म्हणून माझं मत एनटीएफएस या विंडोजच्या फॉरमॅटला. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्स प्रणाली) असेल तर ईएक्सटी४ हा लिनक्सचा फॉरमॅट.

काही राउटरांना जीपीटी ही डिस्कचे भाग (पार्टिशन) पाडायची नवी पद्धतही सोसत नाही, जुनी एमबीआर लागते. त्यासाठी विंडोजमधलं डिस्कपार्ट, जिथे हुकूम टाइप करावे लागतात. आधी ‘लिस्ट डिस्क’, मग ‘सिलेक्ट डिस्क’ आणि आकडा. इथे श्वास रोखा. आकाराचा रकाना वाचा: ६४ चा पेनड्राइव्ह तिथे ५८-५९ जीबी दिसतो. (चोरी नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या.) ४७६ दिसत असेल, तर ती बहुतेक तुमच्या लॅपटॉपची स्वतःची डिस्क आहे, तिला हात लावू नका. कारण पुढचा शब्द ‘क्लीन’. रिसायकल बिन रिकामी करतानासुद्धा विचारून घेणारं विंडोज इथे ‘नक्की ना?’ एवढंही म्हणत नाही. एंटर दाबलं की पार्टिशन साफ.

मग ‘कन्व्हर्ट एमबीआर’, ‘क्रिएट पार्टिशन प्रायमरी’, ‘फॉरमॅट एफएस=एनटीएफएस क्विक’, ‘असाइन’. ‘क्विक’ विसरलात तर चहा करून, पिऊन, कप विसळून या.

एवढं सोवळं पाळून फाइली दिसायला लागतात, आणि घरातून हाक येते, “वायफाय का गेलं?” यूएसबी ३.० ची खरखर नेमकी २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरते. पेनड्राइव्ह अँटेनाला खेटून लावू नका. चांगल्या शील्डच्या एक्स्टेंशन केबलनं तो हातभर लांब ठेवा, नाहीतर राउटरच्या सेटिंगमध्ये पोर्ट यूएसबी २.० वर आणा. वेग पडेल, पण घरात शांतता राहील.