आयर्लंडचं पॅलेस्टाईन धोरण 2024 मध्ये जन्मलं नाही

व्हॉट्सॲपवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. आयर्लंडने 28 मे 2024 रोजी पॅलेस्टाईनला मान्यता दिली ती मुस्लिम मतांसाठी. ते हमासला दिलेलं बक्षीस होतं. आणि आयरिश लोकांना इस्रायलचं पहिल्यापासूनच वावडं, म्हणून त्यांनी संबंधही तोडले.

मतांचं आधी उरकू. 2022 च्या जनगणनेनुसार आयर्लंडमध्ये मुस्लिम दोन टक्क्यांहूनही कमी आहेत. एवढ्यावर कुठलं सरकार परराष्ट्र धोरण बेतेल?

बक्षिसाचा आरोप इस्रायल सरकारनेही केला होता, त्यामुळे तो झटकून टाकता येत नाही. 7 ऑक्टोबर 2023 च्या हमासच्या हल्ल्यानंतर आठ महिन्यांच्या आत मान्यता दिली, ही वेळ चुकली असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण धोरण जुनं आहे. फेब्रुवारी 1980 मध्ये परराष्ट्रमंत्री ब्रायन लेनिहन यांनी बहारीनमध्ये पॅलेस्टिनी राज्याची बाजू उघडपणे घेतली; युरोपीय समुदायात (आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) असं करणारा आयर्लंड पहिला. हमासची स्थापना 1987 ची! डिसेंबर 2014 मध्ये आयरिश संसदेने मान्यतेचा ठराव केला, तरी सरकार आणखी नऊ वर्षांहून जास्त थांबलं. शिवाय आयर्लंडचा व्यवहार हमासशी नाही, वेस्ट बँकेतल्या रामल्लाहून कारभार करणाऱ्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाशी. हमास युरोपीय संघाच्या दहशतवादी यादीत आहे. आणि हो, भारताने हीच मान्यता 1988 मध्येच दिली, हे फॉरवर्ड करणारे सोयीस्कर विसरतात.

'पहिल्यापासून वावडं' हे तर साफ उलटं. पॅलेस्टाईनमधल्या ब्रिटिश राजवटीशी लढणाऱ्या ज्यूंबद्दल आयरिश राष्ट्रवाद्यांना आपुलकी होती. पुढे इस्रायलचे पंतप्रधान झालेले यित्झाक शमीर यांनी भूमिगत असताना 'मायकेल' हे नाव घेतलं ते आयरिश स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्सवरून. इस्रायलचे राष्ट्राध्यक्ष झालेले खाइम हर्झोग बेलफास्टमध्ये जन्मले, डब्लिनमध्ये वाढले. त्यांचे वडील आयर्लंडचे मुख्य रब्बी (ज्यू धर्मगुरू) आणि आयर्लंडचे पंतप्रधान व पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या डी व्हॅलेरांचे स्नेही. 1966 मध्ये इस्रायलमध्ये डी व्हॅलेरांच्या नावाने जंगल लावलं गेलं.

वारं फिरलं ते 1967 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर. आधी निर्वासितांचा प्रश्न, मग त्या युद्धात इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशातल्या इस्रायली वसाहती. 1978 पासून आयरिश सैनिक दक्षिण लेबनॉनमध्ये शांतिसेनेत आहेत. एप्रिल 1980 मध्ये इस्रायलच्या पाठबळावरच्या मिलिशियाने त्यांतल्या दोघांना पकडून ठार मारलं. आयरिश घराघरांत मध्यपूर्व पोचली ती अशा बातम्यांतून.

राहिला संबंध तोडण्याचा मुद्दा. डिसेंबर 2024 मध्ये डब्लिनमधला दूतावास बंद करण्याचा निर्णय इस्रायलने घेतला. आयर्लंडने तेल अवीवमधला आपला दूतावास चालूच ठेवला.