आधी कोठारं उघडा

वाघनखं लंडनहून तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली, १९ जुलै २०२४ला ती प्रदर्शनात मांडली गेली आणि आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, उसनी कशाला, कायमची आणा. दुसरा म्हणे, ती महाराजांचीच कशावरून?

वाघनखांसोबतच्या पेटीवर लिहिलंय की ती साताऱ्याचे रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे तिथले प्रतिनिधी, जेम्स ग्रँट डफ यांना पेशव्यांच्या पंतप्रधानांनी दिली. अफजलखानाच्या वेळी वापरलेली ती हीच, हे सिद्ध करता येत नाही, असं लंडनचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम स्वतःच सांगतं. हा प्रामाणिकपणा मला आवडतो. आपल्याकडे तेच बोलणाऱ्यावर लोक तुटून पडले, याचं वाईट वाटलं.

कायमची देण्याच्या आड तिथला १९८३चा कायदा येतो. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३च्या कायद्याने बांधलेत. हे कायदे बदललेच पाहिजेत. याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधला टिपू सुलतानाचा वाघ, एक यांत्रिक खेळणं, १७९९मध्ये श्रीरंगपट्टणहून लुटून नेला, ती काही भेट नव्हती. दक्षिण लंडनच्या हॉर्निमन म्युझियमवर असं बंधन नाही. ब्रिटिश सैन्याने आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्यातून लुटलेल्या ७२ वस्तूंची मालकी त्यांनी २०२२मध्ये नायजेरियाला दिली. लंडनला पाहुणे आले की मी त्यांना हॉर्निमनला आवर्जून नेते.

पण मागणी करणाऱ्या आपण लंडनच्या म्युझियमांकडून दुसरं काही उचललं का? टिपूचा वाघ लाकडी आहे, गोऱ्या सैनिकाच्या उरावर बसलेला. कुशीवरची झडप उघडली की आत ऑर्गनच्या पट्ट्या दिसतात. दांडा फिरवला की सैनिकाचा हात हलतो आणि तो विव्हळतो. त्याच्यासमोर शाळेतली पोरं फरशीवर फतकल मारून त्याचं चित्र काढत बसलेली मी पाहिलीत. तिकीट नाही, कुणी हटकत नाही. २०२५मध्ये तर व्हिक्टोरिया अँड अल्बर्टने पूर्व लंडनमध्ये आपलं कोठारच लोकांना खुलं केलं. आधी नोंदणी करून पाच वस्तू मागवायच्या, त्या टेबलावर समोर येतात. त्यासाठी संशोधक असावं लागत नाही.

अजिंठ्याच्या चित्रांची गोष्ट तर आपण विसरूनच गेलो. १८७२पासून पुढची काही वर्षं मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली लेण्यांत बसून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, काही १८८५च्या आगीत जळाल्या, उरलेल्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमध्ये आहेत. लेण्यांत आज पुसट झालेला भाग त्यांत कुठेकुठे शाबूत दिसतो. आपल्याच मुलांच्या हातचं हे काम! वाघनखांसाठी घसा कोरडा करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याचं नाव काढलं?

आता पुण्याचं केळकर संग्रहालय घ्या. दिनकर केळकरांनी आयुष्यभर हिंडून सुमारे २०,००० वस्तू जमवल्या, अडकित्ते, दिवे, वाद्यं, आणि संग्रहाला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव दिलं. त्यातल्या थोड्याच एका वेळी मांडता येतात. ही सगळी ठेव आपलीच आहे. इथे कुठल्या परदेशी कायद्याची आडकाठी नाही. सरकारने पैसा द्यावा, शाळकरी मुलांचं तिकीट माफ करावं, आणि नववीतल्या मुलीलाही कोठारातला हवा तो अडकित्ता नाव सांगून मागवता यावा. वाघनखांची मागणी चालूच ठेवू. हे काम मात्र याच वर्षी सुरू करता येईल.