सुट्ट्या मोजू नका, संध्याकाळ कुणाची ते विचारा

गेल्या रविवारी आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर परत तोच विषय निघाला. माझा चुलतभाऊ हिंजवडीला आयटीत आहे, त्याने लिहिलं की आम्ही रात्री अकरापर्यंत कॉलवर असतो आणि शिक्षकांना मात्र गणपती, दिवाळी, अख्खा मे महिना, वर दुपारी घरी. मग काकांनी नारायण मूर्तींचं 2023 मधलं आठवड्याला 70 तास कामाचं म्हणणं काढलं, कुणीतरी त्यावर भांडलं, आणि शेवटी नेहमीप्रमाणे सगळे एका गोष्टीवर एक झाले की मास्तरांचं बरं आहे बाबा.

मी पुण्यात बारा-एक वर्षं एका अनुदानित शाळेत गणित-विज्ञान शिकवलं आणि 2025 च्या जानेवारीपासून न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनजवळ लोअर हटला एका सेकंडरी शाळेत शिकवतोय. त्यामुळे मला या विषयावर बोलावंसं वाटतं आणि ग्रुपवर तीन ओळींत ते मावत नाही.

आधी सुट्ट्यांचा हिशोब करू, कारण सगळे तिथेच अडकतात. महाराष्ट्रात शाळांना रविवार सोडून वर्षाला 76 सुट्ट्या हा नियम आपल्याला पाठ आहे. इथे वर्षाचे चार टर्म, पहिल्या तिन्हींनंतर दोन-दोन आठवडे सुट्टी, आणि डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्याची सहाएक आठवडे. शाळा भरते साधारण 190 दिवस. म्हणजे सुट्ट्याच मोजायच्या तर चुलतभावाने इथल्या शिक्षकांवर जास्त चिडायला हवं! पण मला इथे जे मिळालं ते या आकड्यात नाहीये.

माझं 2024 साल सांगतो. जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण होतं, त्यात आम्ही शिक्षक प्रगणक. मी धायरीत मोबाईलवर अॅप उघडून चार-चार मजले चढत होतो, प्रश्नावली एवढी लांब की एका घरात चहा थंड होऊन जायचा, आणि दहावीची परीक्षा 1 मार्चला सुरू होणार होती, माझ्या वर्गाचा सराव कोण घेणार याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग मे महिना आला, ज्याच्याबद्दल सगळे बोलतात तो, तर 13 मेला पुण्यात लोकसभेचं मतदान, त्याआधी दोन ट्रेनिंग, आदल्या दिवशी पेट्या घेऊन केंद्रावर मुक्काम. दिवाळीच्या सुट्टीत विधानसभेचं ट्रेनिंग आणि 20 नोव्हेंबरला परत मतदान. निवडणूक हे महत्त्वाचं काम आहे, ते मी मनापासून केलं आणि त्याचा मला अभिमानच आहे, पण मग तीच सुट्टी माझ्या नावावर मांडून मला सुनावू नका एवढंच म्हणणं आहे.

आणि संध्याकाळ? शिक्षणसेवक होतो तेव्हा महिन्याला 8 हजार मानधन होतं (2023 मध्ये ते माध्यमिकला 18 हजार झालं), तीन वर्षं त्यात पुण्यात भाडं भरून घर चालवायचं, मग संध्याकाळी सहा ते नऊ क्लासमध्ये शिकवायचो. लोक म्हणतात शिक्षक क्लासेस घेतात, पैशाला हपापलेत. आमच्यातले बहुतेक जण सुरुवातीला भाड्यासाठी घेत होते, नंतर सवय लागली, आणि हे दुसरं चूकच आहे, ते मी लपवत नाही.

आता इथलं. आठवड्याच्या 25 तासांच्या वेळापत्रकात पूर्णवेळ शिक्षकाला पाच तास वर्गाबाहेरचे मिळतात, युनियनच्या करारात लेखी आहेत, त्या तासांत तयारी करायची, वह्या बघायच्या. पहिल्या आठवड्यात मी त्या रिकाम्या तासाला घाबरून बसलो होतो की कुणीतरी येऊन बदली तास देईल. कधीकधी देतातही, पण ते मोजलं जातं. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी मी शाळेच्या क्रिकेट टीमबरोबर जातो, ते मी स्वतः हात वर करून घेतलंय, आणि नको झालं तर सांगता येतं.

त्यामुळे रविवारी डोंगर मिळतो. मी मूळचा सह्याद्रीवाला, स्वारगेटवरून पहाटेची एसटी पकडून गुंजवण्याला उतरायचं आणि राजगड चढायचा हे कॉलेजातलं वेड, नोकरीत ते वर्षाला एकदा, मग बंदच. इथे जवळच तारारुआची डोंगररांग आहे. गेल्या जुलैत अतिव्हाकातू नावाच्या हटमध्ये राहिलो, हट म्हणजे सरकारने जंगलात बांधलेली साधी झोपडी, आत ओळीने लाकडी मचाणं आणि एक शेगडी. ओढ्याकाठची वाट सोपी आहे पण पाऊस असा की बुटातून पाणी निघत होतं. शेगडीवरच्या तारेवर दहा-बारा जणांचे मोजे वाळत होते, खिडकीच्या काचेवरून थेंब ओघळत होते, आणि कोपऱ्यात पत्ते खेळणाऱ्या एका कुटुंबातून आवाज आला, ‘हाय सर!’ माझ्या दहावीच्या वर्गातली मुलगी. तिने सरकून जागा केली, तिच्या वडिलांनी पत्ते वाटले, बस. सर इथे कसे, असं कुणाच्या चेहऱ्यावरही नव्हतं.

सिंहगडावर एकदा मी मटक्यातलं दही खात बसलो होतो, रविवारच होता, तेव्हा एक पालक भेटले आणि आपल्या मिसेसकडे बघून म्हणाले, ‘सरांना पेपर तपासायचे नाहीत वाटतं?’ चांगला माणूस, सहज म्हणाला. पण घरी येऊन मी रात्री एकपर्यंत पेपर तपासले. मला त्या माणसाचा राग नाहीये, आपण सगळेच असं बोलतो, शिक्षक मोकळा बसलेला दिसला की आपल्याला वाटतं आपल्या मुलाचा वेळ वाया चाललाय.

त्या हटनंतरच्या सोमवारी मी वर्गात बाष्पीभवन आणि सांद्रीभवन शिकवलं ते मोजे आणि ती खिडकी घेऊन, आणि ती मुलगी स्वतः उठून फळ्यापाशी आली आणि काच आतूनच का ओली होती ते बाकीच्यांना सांगायला लागली. पुण्यात मी हाच धडा दहा वर्षं बर्फाच्या ग्लासाने शिकवला. वाईट नव्हता शिकवत, पण माझ्याकडे सांगायला दुसरं काही नव्हतं, कारण शाळा, क्लास आणि ड्युटी याबाहेर मी कुठे गेलोच नव्हतो.

इथे सगळं गोड आहे असं मुळीच नाही. 23 ऑक्टोबर 2025 ला इथले शिक्षक, नर्सेस, डॉक्टर मिळून लाखाच्या वर लोक संपावर गेले, मीही बिनपगारी गेलो. टर्मच्या शेवटी मूल्यमापनाचे ढीग असतात, घरभाडं जीव घेतं, आणि आई आजारी पडली तेव्हा मी फोनवर होतो, त्याची भरपाई कुठल्याही डोंगराने होत नाही.

पण आपल्याकडे मागायचं ते फार मोठं नाहीये, कायद्यातच आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शिक्षकाचे आठवड्याला 45 तास धरलेत, आणि त्यात तयारीचा वेळही आहे, हे किती पालकांना माहीत आहे? त्याच कायद्याचं कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना दुसऱ्या कामाला लावू नका. मोर्च्यांमध्ये ‘आम्हाला शिकवू द्या’ असे फलक दिसतात, त्यात लाडावलेपणाचं काय आहे? माझं तर म्हणणं आहे की त्या 45 तासांची खरी नोंद प्रत्येक शाळेने ठेवावी, ड्युटीसकट, आणि पालकसभेत वाचून दाखवावी. चुलतभावाने त्याच्या कंपनीतही हेच मागावं, मी त्याच्या बाजूने उभा राहीन. त्याची रात्र अकरापर्यंत जाते हे चूक आहे, पण त्यावर उपाय म्हणून माझ्या जुन्या सहकाऱ्यांची संध्याकाळ घेऊन कसं चालेल?

डिसेंबरात पुण्याला येतोय. शाळेतल्या एका जुन्या सरांना फोन केला, इथे दुपारचे चार, तिकडे सकाळचे साडेआठ, ते शाळेच्या गेटपाशी उभे होते. म्हटलं, सर, एक रविवार राखून ठेवा, गुंजवण्याहून राजगड. खूप खूश झाले, कुठल्या वाटेने चढायचं तेही ठरवलं. मग म्हणाले, ‘नक्की येतो रे, फक्त मतदार यादीचं काम तोवर आटपलं पाहिजे.’