गरम पाण्याच्या तक्रारीबद्दल मालकाचे उत्तर

नमस्कार मॅडम,

आम्ही प्रेशर पंप बसवल्यापासून शॉवरला गरम पाणी येईना, पंप मध्यरात्री आपोआप सुरू होतो, आणि बघायला आलेला आमचा माणूस "सोलरचा प्रॉब्लेम" म्हणून ५०० रुपये घेऊन गेला, असं तुम्ही लिहिलंय. काल मी स्वतः गच्चीवर चढून सगळी लाइन पाहिली. चूक आमची आहे.

तुमचा फ्लॅट सगळ्यात वरचा. टाकी शॉवरपासून जेमतेम अडीच मीटर उंच, म्हणजे प्रेशर पाव बार. आम्ही पंप फक्त थंड लाइनवर लावला. तो दीड बारने पाणी ढकलतो आणि सोलर हीटरचं गरम पाणी मात्र आपल्या उतारानेच येतं. शॉवरच्या मिक्सर नळात थंड पाणी गरम पाण्याला मागे रेटतं. त्यात घरात हँड शॉवर बटणाने बंद होतो, मिक्सरचे दोन्ही नॉब उघडेच राहतात. मग थंड पाणी गरम लाइनने उलटं चढून सोलरच्या टाकीत जातं. म्हणून पंप रात्री चालतो, म्हणूनच सकाळी पाणी कोमट. काल नॉब बंद केल्यावर पंप थांबला, ते तुमच्या सासऱ्यांनीही पाहिलं.

हे अडवायलाच एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह, होता. पण तो झडपेचा, आणि आमच्या माणसाने तो गच्चीवरून खाली येणाऱ्या उभ्या पाइपवर बसवला. त्यावरचा दिशेचा बाण बरोबर आहे, तरी तिथे झडप स्वतःच्या वजनाने उघडीच लोंबकळते; संथपणे उलटं येणारं पाणी तिला मिटवू शकत नाही. तो आडव्या पाइपवर हवा होता. काम संपल्यावर मी येऊन बघायला हवं होतं, ते केलं नाही. माफ करा.

शनिवारी सकाळी मी येऊन एनआरव्ही हलवतो. तेवढ्याने पाणी उलटं जाणं थांबेल, पण गरम पाणी नीट यायला दोन्ही लाइनचं प्रेशर सारखं लागतं. त्यासाठी सोलरच्या आउटलेटवर गरम पाण्याला चालणारा छोटा पंप हवा. सोलरच्या टाकीच्या आधी लावून चालणार नाही. ती टाकी व्हेंट पाइपवाली, म्हणजे वर उघड्या तोंडाच्या पाइपची आहे, पाणी व्हेंटमधून गच्चीवर वाहील. पंप माझ्या खरेदीच्या भावात देतो, मजुरी नाही. नको असेल तर पहिला पंप काढून पूर्ण पैसे परत करतो. ५०० रुपये आजच पाठवलेत.

तोवर अंघोळीच्या वेळी पंपाचा स्विच बंद करून बायपासचा, म्हणजे पंपाला वळसा घालणाऱ्या पाइपचा, व्हॉल्व्ह उघडा. पंप पुन्हा सुरू करण्याआधी तो व्हॉल्व्ह आठवणीने बंद करा, नाहीतर पाणी पंपाभोवतीच फिरत राहील आणि प्रेशर चढणार नाही.