मिठाला जागणाऱ्या साम्राज्यासाठी काही सूचना

तुमच्या हाती एखादं साम्राज्य लागलं असेल आणि ते सांभाळून कंटाळा आला असेल, तर लढाईबिढाईच्या भानगडीत पडू नका. खर्चिक काम आहे ते. त्यापेक्षा रयतेच्या स्वयंपाकघरात डोकवा. जिच्यावाचून एकाही चुलीचं भागत नाही अशी सगळ्यात क्षुल्लक वस्तू हेरा आणि तिच्यावर कर बसवा.

अमेरिकेतल्या बोस्टनला इंग्रजांचा हा प्रयोग चहावर झाला. १७७० मध्ये बाकीचे बहुतेक कर मागे घेतले, पण पौंडामागे तीन पेन्सचा चहाकर ठेवला. पैशांसाठी नव्हे हो, हक्क दिसायला हवा म्हणून! १७७३ च्या डिसेंबरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात गेल्या आणि पुढे तेरा वसाहती. यावरून एवढंच शिका की चहा एक वेळ सोडता येतो. मीठ घ्या.

मीठ समुद्राकाठी फुकट मिळतं, मग कर भरणार कोण, असली शंका काढू नका. कुंपण घाला. थट्टा नाही, इंग्रजांनी खरंच घातलं होतं. १८६९ च्या सुमाराला सिंधूपासून महानदीपर्यंत जवळपास २,३०० मैलांची जकातीची हद्द होती आणि तिच्यावर बारा हजारांच्या आसपास माणसं पहाऱ्याला. कुठे बाभूळ, कुठे बोर, कुठे करवंदाच्या जाळ्या, काहीच न जगेल तिथे वाळलेल्या काट्यांची रास. कशासाठी, तर स्वस्त मीठ पलीकडून अलीकडे येऊ नये! त्या काळात या खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. याच गृहस्थांनी १८८५ मध्ये काँग्रेस काढण्यात पुढाकार घेतला. तेव्हा अधिकारी नेमताना अशीच दूरदृष्टी ठेवा.

१८७९ मध्ये कुंपण गेलं, पण कर सोडला नाही. तुम्हीही सोडू नका. उलट मध्येच एकदा दुप्पट करून पाहा. १९२३ मध्ये विधिमंडळाने नको म्हटलं, तर व्हाइसरॉयनी आपल्या अधिकारात करून टाकलं. विधिमंडळ दिलं होतं ते बोलायला. ऐकायचं असं थोडंच ठरलं होतं?

एवढं झालं की स्वस्थ बसा. एखादा म्हातारा आगाऊ पत्र पाठवून ‘कायदा मोडणार आहे’ असं कळवेल. सचिवाकडून दोन ओळींची खेदाची पोच धाडा. १२ मार्च १९३० ला तो ७८ जणांना घेऊन साबरमतीहून निघेल, तेव्हा हसा. तेव्हाचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांची तर या मिठाच्या प्रकरणाने झोपही उडाली नव्हती. तो चोवीस दिवस चालेल, गावोगाव बोलेल. तुम्ही अंतर मोजत राहा. दांडीच्या किनाऱ्यावरचं मीठ शिपायांकरवी आधीच चिखलात तुडवून ठेवा. तो चिखलातला खडा उचलेल.

मग शिपायांना मुठी उघडायला लावा. हे मात्र नीट करा, कारण सगळी गंमत इथेच आहे. एका बाजूला जगातलं सगळ्यात मोठं साम्राज्य, दुसऱ्या बाजूला गावातल्या पोराची चिमूटभर मिठावर आवळलेली मूठ, आणि तिची बोटं एकेक करून उचकटणारा हवालदार. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तुमच्या इंग्रजी शाळेत शिकवलेलं नसतं.

म्हाताऱ्याला धरायचं तर मध्यरात्री धरा आणि कायदा १८२७ चा काढा. त्याची सोय अशी की खटलाच चालवावा लागत नाही, थेट येरवडा. पाठोपाठ धारासणेला मिठागराकडे शांतपणे चालत येणाऱ्यांची डोकी लोखंडी टोकाच्या लाठ्यांनी फोडा. एखादा अमेरिकन वार्ताहर जवळच उभा आहे ना, तेवढं बघून घ्या. नाहीतर मेहनत वाया जायची. शिरोडा, वडाळा, जिथे जिथे खारं पाणी तिथे हेच करा. तुरुंग पुरेनासे झाले की त्याच म्हाताऱ्याला राजवाड्यात बोलवा आणि करार करा: किनाऱ्यावरच्या लोकांनी घरापुरतं मीठ करायला हरकत नाही.

कर तेवढा राहू द्या. तो काढायचं काम १९४७ च्या अर्थसंकल्पात हंगामी सरकारने केलंच, तुमचं सामान बांधणं चालू असताना.

नव्या मालकांनी १९५३ मध्ये मिठावर छोटासा उपकर बसवला. तुमची आठवण असावी म्हणून असेल.