हान्सकेनचे पाय

2025 च्या जुलैअखेर नांदणीच्या मठातली माधुरी हत्तीण गुजरातेत जामनगरला निघाली, त्या रात्री जयसिंगपूरहून आईचा फोन आला. "लेकरागत सांभाळल्याली गं, रडत गेली बघ," एवढंच बोलली आणि स्वतःच रडायला लागली. मी इथे नेदरलँड्समध्ये, उत्रेख्तच्या घरात ओट्यापाशी उभी होते, काय बोलावं सुचेना. पुढच्या काही दिवसांत मामांनी निषेध म्हणून मोबाइलचं जिओचं सिम बदललं आणि भाऊ नांदणी ते कोल्हापूर पदयात्रेत चालला. त्याला मी एकच विचारलं, तिच्या पायांबद्दल कुणी का बोलत नाही? तो म्हणाला, "तू तिकडं बसून आम्हाला शिकवू नको, ताई."

बाहेरच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. महादेवी, म्हणजे गावाची माधुरी, तीन दशकांहून जास्त काळ नांदणीच्या जैन मठात होती. प्राणिहक्क संघटनेच्या तक्रारीवरून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. धार्मिक विधींसाठी हत्तीण वापरण्याच्या माणसांच्या हक्कापेक्षा तिचा चांगल्या जगण्याचा हक्क मोठा, असं म्हणत न्यायालयाने तिला 'वनतारा'त, जिओवाल्या रिलायन्स समूहाच्या जामनगरमधल्या प्राणी केंद्रात, हलवायला सांगितलं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. न्यायालयापुढच्या अहवालांत पाय सडल्याच्या आणि नखं वाढल्याच्या नोंदी होत्या. मठाने हेळसांडीचा आरोप नाकारला. मग अख्खा कोल्हापूर जिल्हा रस्त्यावर आला.

भावाचं एक खरं आहे, मी तिकडे नाही. पण इकडे राहिल्यामुळेच मला एक हत्तीण भेटली आणि तिच्यापासून माझी सुटका होत नाही.

इटलीत फ्लॉरेन्सच्या ला स्पेकोला संग्रहालयात तिचा सांगाडा आहे. नाव हान्सकेन. मल्याळममधल्या 'आना' म्हणजे हत्ती या शब्दाला डच लाडाचा प्रत्यय लावून ते झालं, असं सांगतात. आमच्या शिरोळ तालुक्यात कानडी घरोघरी, तिथे 'आने' कुणालाही कळेल. ती जन्मली 1630 च्या सुमाराला श्रीलंकेत. पोरवयातच डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून हॉलंडला आली, राजपुत्र फ्रेडरिक हेन्ड्रिकच्या मालकीची झाली आणि पुढे कोर्नेलिस व्हान ग्रूनेव्हेल्टने तिला 20,000 गिल्डरना विकत घेतलं. त्याने तिला निशाण फडकवायला, ढोल वाजवायला, पिस्तूल झाडायला शिकवलं. हाम्बुर्ग, ब्रेमेन, फ्रँकफर्ट, लाइपझिग, झ्युरिक, पुढे आल्प्स ओलांडून इटली. गावोगावच्या जत्रांतून पैसे घेऊन तिला दाखवायचं. वर्षानुवर्षं ती युरोपच्या रस्त्यांवरून चालत राहिली.

1637 मध्ये डच चित्रकार रेम्ब्रांटने काळ्या खडूने तिचं चित्र काढलं. सैल कातडीच्या घड्या न् घड्या त्याने इतक्या जिव्हाळ्याने टिपल्यात की बघताना हात लावावासा वाटतो. प्रेमाने बघणारे तिलाही भेटले, त्याबद्दल मला शंका नाही. 9 नोव्हेंबर 1655 ला फ्लॉरेन्सच्या मोठ्या चौकात, पियात्सा देला सिन्योरियात, ती कोसळली आणि मेली. वय जेमतेम पंचवीस. पायातलं गळू चिघळून ताप चढला होता. चित्रकार स्तेफानो देला बेल्लाने तिथेच तिची चित्रं काढली. कातडं आणि हाडं तिथल्या राजाच्या, ग्रँड ड्यूकच्या, संग्रहात गेली. आज आशियाई हत्ती या प्रजातीचा शास्त्रीय आधारनमुना, म्हणजे प्रजातीचं नाव ज्यावर ठरतं तो नमुना, म्हणून हाच सांगाडा धरला जातो.

त्या सांगाड्याचे पाय बघितले आणि मी तिथून हललेच नाही. हत्तीचा पाय आपल्याला खांबासारखा दिसतो, पण आतली हाडं चवड्यावर उभी असतात, जणू टाचा उंचावल्यात. त्या उंचावलेल्या टाचेखाली चरबीची जाड गादी असते आणि टनावारी वजन ती झेलते. सांगाड्यात ती गादी नसते, नुसती बोटं दिसतात. रानात माती-वाळूवर मैलोन् मैल चालून नखं आपोआप झिजतात, तळवा धड राहतो. कठीण फरशीवर, शेण-मुतात, साखळीच्या अंतरात उभं राहावं लागलं की नखं वाढतात, भेगा पडतात, पू होतो आणि तो हाडापर्यंत जातो. हान्सकेनला चालवून चालवून मारलं, आपल्याकडे एका जागी उभं करून ठेवतात. दुखणं पायातच येतं.

साखळीवरून गोव्याहून निघालेला तो गेंडा आठवतो. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला भेट दिलेला हा गेंडा 1515 च्या जानेवारीत गोव्याहून निघाला आणि मेमध्ये लिस्बनला पोचला. जर्मन चित्रकार ड्यूररचं गाजलेलं चित्र त्याचंच, ड्यूररने त्याला कधी पाहिलं मात्र नव्हतं. पुढे पोर्तुगालच्या राजाने तो पोपला पाठवला. इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं, आणि पोहता येत असूनही डेकला साखळदंडांनी जखडलेला असल्याने तो बुडून मेला.

इथले लोक शहाणे आणि आपण अडाणी, असं मला अजिबात म्हणायचं नाही. नेदरलँड्समध्ये सर्कशीतल्या जंगली प्राण्यांवर बंदी आली 2015 मध्ये, म्हणजे हान्सकेन मेल्यावर 360 वर्षांनी. तिच्यासाठी कुठलं गाव रडल्याचं मी वाचलेलं नाही. नांदणीने तिकीट लावून हत्तीण दाखवली नव्हती. आईचे अश्रू खरे होते आणि ते कुणी 'अंधश्रद्धा' म्हणून उडवले तर मला राग येतो. शेकडो मैलांवर एका उद्योगसमूहाच्या केंद्रात तिला पाठवणं हेच एक उत्तर होतं, असंही मला वाटत नाही. पण मिरवणूक आपली, पुण्य आपलं, आठवणी आपल्या आणि गळू तेवढं तिचं, हे मला पटत नाही. लेकरू म्हणायचं तर त्याचा पाय आधी बघायचा.

आंदोलनानंतर नांदणी परिसरातच पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. तो मला मनापासून हवा आहे. गावाला ती लांबून का होईना दिसेल. पण तिथे मोकळी माती हवी, वाळूचा ढीग आणि डुंबायला तळं हवं, सोबतीला दुसऱ्या हत्तिणी हव्यात आणि मिरवणूक कायमची बंद हवी. भावाला मी कळवलंय की केंद्राच्या बैठकीला गावातलं कुणी गेलं तर देणग्यांच्या आधी जमिनीचं विचारा. खाली फरशी घालणार की माती ठेवणार?