जीजे पासिंगची शिक्षा

पंधरा वर्षांचा रोड टॅक्स गाडी घेतानाच एकरकमी वसूल करतात ना? मग तीच जीजे, म्हणजे गुजरातच्या नंबरची, गाडी घेऊन मी गुजरातेतून माझ्या घरी, खान्देशात परत आलो, तर त्याच वर्षांचा टॅक्स पुन्हा का भरायचा? आणि तोही आधी! आधी इकडे भरा, इकडचा नंबर घ्या, मग इकडची आरसी घेऊन तिकडे जा आणि उरलेल्या वर्षांचा रिफंड मागा. तोपर्यंत एकाच गाडीचे, एकाच काळाचे पैसे दोन सरकारं वापरणार. रिफंड कधी मिळेल, ते कोणीच सांगत नाही.

हिशोब बघा. आठ लाखांची साधी पेट्रोल गाडी. गुजरातेत सहा टक्क्यांनी ४८ हजार. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के, म्हणजे नवी असती तर ८८ हजार. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो, मान्य. पण हप्ते चालू असताना एवढी रक्कम एकदम आणायची कुठून? कापूस विकून भरू म्हणावं, तर कापसाला भाव कुठे आहे?

पैशांचं एक सोडा, कागदांनी जीव नकोसा केलाय. फॉर्म २८ ची एनओसी, म्हणजे तिकडच्या आरटीओचा ना-हरकत दाखला हवा, त्यासाठी आधी बँकेची एनओसी, आणि बँकेची शाखा गुजरातेत. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला ठसा. गाडी चोरीची नाही याचा दाखला. मग इकडे नव्या नंबरसाठी फॉर्म २७, पत्त्याचा पुरावा, गाडीची तपासणी. अरे, हे सगळं सरकारच्याच गाड्यांच्या नोंदींच्या ‘वाहन’ पोर्टलवर आहे ना! नाक्यावरचा पोलीस मोबाइलवर नंबर टाकतो आणि मालक कोण, इन्शुरन्स कधी संपतोय, सगळं मला वाचून दाखवतो. मग आरटीओच्या खिडकीतल्या साहेबांनाच ते का दिसत नाही? इकडचे म्हणतात, तिकडून आलं नाही. तिकडचे म्हणतात, आम्ही कधीच पाठवलं. आणि बाहेर टपरीवर बसलेला एजंट म्हणतो, ‘भाऊ, कशाला फिरता, माझ्याकडे द्या, होऊन जाईल.’ त्याच्याकडून होतं, मग माझ्याकडून का होत नाही? याचंच डोकं फिरतं!

मोटार वाहन कायद्याचं कलम ४७ सांगतं की दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर नवा नंबर घ्या. बारा महिने! पण प्लेटवर जीजे दिसलं की हात आडवा होतोच. स्वतःच्या तालुक्यात मला विचारतात, कुठून आलात? माझा बाप अंगणात गाडीकडे बघून म्हणतो, ‘हाई गाडी आपली शे का परकी?’ काय उत्तर देऊ?

खान्देशातल्या माणसाला सुरत परकी नाही हो. धुळे, नंदुरबार, जळगाव, कुठल्याही गावात विचारा, घरटी एक माणूस तिकडे आहे किंवा होता. सुरतेतल्या उधना, लिंबायतच्या गल्ल्यांत अहिराणी बोलतात. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, आणि रेल्वेगाडी त्यावरून बिनबोभाट जाते. आमचं येणं-जाणं पिढ्यांचं आहे. आणि आम्हाला सल्ला काय मिळतो? बीएच सिरीज घ्या, म्हणजे राज्य बदललं तरी न बदलणारा ‘भारत’ नंबर! २०२१ मध्ये आली ती. पण कोणासाठी? केंद्र-राज्य सरकारचे आणि सरकारी कंपन्यांचे कर्मचारी, सैन्यातले लोक, आणि चार किंवा जास्त राज्यांत ऑफिस असलेल्या खाजगी कंपन्यांचे नोकरदार. लूमवर काम करणारा, साडीच्या दुकानात हिशोब लिहिणारा, छोटा ठेकेदार, यांनी कुठलं ओळखपत्र दाखवायचं? काम संपलं की गावी परतणारे तर हेच लोक आहेत.

रोड टॅक्स राज्यांच्या अधिकारातला आहे, हे मलाही कळतं. कोणी आपला हक्क सोडा असं म्हणतच नाही. पण १ जुलै २०१७ पासून जीएसटीत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल गेला की केंद्र आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य व्यवहारावरचा जीएसटी, घेतं आणि ज्या राज्यात माल वापरला जातो त्याचा वाटा त्याला पोचवतं. त्यासाठी दुकानदाराला दोन्ही राज्यांच्या खिडक्यांवर उभं राहावं लागत नाही. मग माझ्या टॅक्सची उरलेली रक्कम एका तिजोरीतून दुसऱ्या तिजोरीत परस्पर का जात नाही? फरक निघेल तो मागा, मी भरतो. पण तुमची देवाणघेवाण तुम्ही करा, ती माझ्या खिशातून करू नका.